टिटवीची दुसरी सावली

ओल्या वाळूचा घट्ट गोळा करून आजोबांनी तो गोफणीत ठेवला आणि चार्वीला विचारलं, "समोर ती निळी होडी दिसते ना? हा गोळा तिच्यावर मारायचा असेल, तर गोफण कधी सोडू?"

चार्वीला प्रश्न फारच सोपा वाटला. गोफण डोक्याभोवती गरगर फिरेल. फिरताना गोळा ज्या क्षणी होडीच्या बाजूला येईल, त्या क्षणी सोडायची. आजोबा म्हणाले, ठीक आहे, तू सांगशील तेव्हा सोडतो. गोफण फिरू लागली, दोऱ्या हवेत सूं सूं करू लागल्या, आणि गोळा नेमका होडीसमोर येताच चार्वी म्हणाली, "आता."

गोळा होडीकडे गेलाच नाही. तो पार डावीकडच्या खडकांवर जाऊन फुटला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"तुम्ही मुद्दाम वाकडा टाकताय."

"मी टाकतच नाही. मी फक्त दोरी सोडतो. जातो तो आपला आपण."

तिसऱ्या वेळी चार्वी गप्प राहून नुसती बघत बसली. चौथ्या वेळी तिने वेगळंच केलं. गोळा होडीच्या समोर येण्याच्या बराच आधी, तो अजून आजोबांच्या उजव्या हाताला असतानाच, ती म्हणाली, "आता." गोळा सरळ होडीच्या दिशेने सुटला आणि तिच्या अलीकडे पाण्यात पडला. आजोबांनी गोफण खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू चार्वीनेच त्यांना काहीतरी शिकवलं होतं.

हे कोडं उगाच निघालं नव्हतं. चार्वी सकाळपासून एकच हट्ट धरून बसली होती. तिची आई, स्वरूपा, विमानाच्या कसरती करणारी वैमानिक होती. दोन दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेला, ती शिरवण्याच्या याच किनाऱ्यासमोर 'टिटवी' उडवणार होती. टिटवी म्हणजे विजेवर चालणारं, पंखांवर दिव्यांच्या रेषा असलेलं छोटं विमान. त्याचे पंख आजोबांच्या, म्हणजे आईच्या बाबांच्या, प्रयोगशाळेत घडले होते आणि नावही आजोबांनीच ठेवलं होतं. टिटवी पक्षी पाय वर करून झोपतो, आभाळ पडलंच तर पायांवर तोलून धरायला, असं जुनी माणसं सांगत. हे विमानही चाकं आभाळाकडे करून उलटं उडायचं.

चार्वी शिरवण्याला सुधाआत्याकडे राहून शाळेत जात होती. बाबा जहाजावर असत, आई दूरच्या उड्डाणकेंद्रात. टिटवी तिने पडद्यावर कितीतरी वेळा पाहिली होती, पण आईला खऱ्याखुऱ्या आभाळात उडताना एकदाही नाही. म्हणून तिला वाटत होतं, की आईने समुद्रावरून सरळ यावं आणि तिच्या डोक्यावरून जावं. सुधाआत्या उत्सव समितीत होती. तिला तर वरून झेंडूच्या पाकळ्यासुद्धा हव्या होत्या.

"काका, डोक्यावरसून गेला नाय, तर विमान बघलंव असा सांगूचा कसा?" असं तिने आजोबांना कालच विचारलं होतं.

आजोबा प्रदर्शनाचे नियंत्रक होते (नियंत्रक म्हणजे जमिनीवरून सगळ्यावर नजर ठेवून वैमानिकाला 'ये' किंवा 'थांब' सांगणारा माणूस). कालही ते नाही म्हणाले होते, आजही नाहीच म्हणत होते.

आता वाळूवर काठीने वर्तुळ काढून ते सांगू लागले. फिरणाऱ्या गोळ्याला वर्तुळात फिरायची मुळीच इच्छा नसते. प्रत्येक क्षणी त्याला सरळ जायचं असतं. या सवयीला जडत्व म्हणतात (चालत्या वस्तूचा, कोणी अडवलं किंवा वळवलं नाही तर, त्याच वेगाने सरळ चालत राहण्याचा स्वभाव). दोरी त्याला दर क्षणी आत ओढून वळवते. दोरी सुटली, की तो त्या क्षणी ज्या दिशेला निघाला होता तिकडेच जातो. त्यांनी वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकून पुढे जाणारी सरळ रेघ काढली. ही स्पर्शिका (वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी सरळ रेषा).

"विमानाला कुठे दोरी असते?" चार्वीने विचारलं.

त्याचे पंख म्हणजेच दोरी, आजोबा म्हणाले. पंख हवेला ढकलतात, हवा विमानाला वळवते. पण समजा वळता वळता एखादा तुकडा निखळला. लहानसा, हाताएवढा. त्याला आता कोणी वळवत नाही. तो विमानाखाली सरळ पडणार नाही. तो पुढे जाणार.

मग त्यांनी खिशातून एक चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. तो सैल होता, तिला एका हाताने धरावा लागला. हा चष्मा हलणाऱ्या कुठल्याही वस्तूचा वेग, उंची, दिशा आणि वारा मोजायचा, आणि ती वस्तू याच क्षणी तुटली तर कुठे पडेल ती जागा लाल रंगाने दाखवायचा. शास्त्रज्ञ तिला संभाव्य पतनक्षेत्र म्हणत. आजोबांच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे तिला दुसरी सावली म्हणत.

"पहिली सावली सूर्य पाडतो," आजोबा म्हणाले. "दुसरी वेग पाडतो."

किनाऱ्यावरून एक घार मासा घेऊन चालली होती. तिची काळी सावली तिच्या जवळजवळ खालीच होती. पण चष्म्यातून पाहिल्यावर कितीतरी पुढे, वाळूवरून, आणखी एक लाल ठिपका पळताना दिसला. घार वळली, तसा ठिपकाही वळला. पण वळणाच्या आत नव्हे, बाहेर. गोफणीतल्या गोळ्यासारखा तो सतत सरळ निसटायला बघत होता. इतक्यात दोन कावळे घारीच्या मागे लागले. झटापटीत मासा तिच्या पायातून सुटला आणि तिरका खाली येत बरोबर त्या लाल ठिपक्यात पडला. एका कुत्र्याने तो लगेच पळवला. त्याला चष्म्याची गरजच पडली नाही.

चार्वीने चष्मा काढला, पुन्हा लावला. सायकलवरून जाणाऱ्या मुलाच्या पुढे एक छोटी लाल सावली धावत होती. लाटेवर झेपावणाऱ्या पक्ष्यांच्या पुढे डझनभर. जगात जे जे चालत होतं, त्या प्रत्येकाच्या पुढे त्याचं पुढचं काही क्षणांचं भविष्य वाळूवर पडलेलं होतं, आणि ते तिला आजवर कधीच दिसलं नव्हतं.

"मग आईने खूप उंचावरून जावं," ती जरा वेळाने म्हणाली.

आजोबांनी तिलाच हिशेब करायला सांगितला. टिटवी एका सेकंदात शंभर मीटर जाते. ऐंशी मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला साधारण चार सेकंद लागतात. म्हणजे तुकडा चारशे मीटर पुढे. उंची वाढवली तर पडायला जास्त वेळ, आणि तेवढ्या वेळात तो आणखी पुढे. हवा त्याला थोडं अडवते, पण समुद्रावरचा वारा किनाऱ्याकडे ढकलतो. उंच गेलं की सावली लांब होते. ती नाहीशी होत नाही.

हळूहळू चार्वीला सगळे नियम आपोआप उलगडू लागले. विमान गर्दीला समांतर का उडतं? कारण मग त्याची दुसरी सावली पाण्यावरच पुढे पळत राहते. गर्दीकडे तोंड करून यायचं असलं तर फार लांबूनच का वळावं लागतं? कारण लाल सावलीचं टोक माणसांच्या बरंच अलीकडे संपायला हवं. आणि डोक्यावरून का जायचं नाही, हे तर विचारायचीही गरज उरली नव्हती. डोक्यावर येण्याच्या आधी काही क्षण ती सावली सगळ्यांच्या अंगावरून जाणार होती. शिवाय एक नियम असा होता, की जमिनीवर ठरवलं नाही ते आभाळात करायचं नाही. कितीही मोह झाला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच आजोबांनी सगळी आखणी पूर्ण केली. समुद्रात तराफ्यांची रांग, तिच्या वरून टिटवी उडत जाणार. वाळूवर झेंड्यांची रांग, तिच्या मागे लोक बसणार. मधलं अंतर त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. लाटा झेंड्यांच्या जवळ येऊन परतत होत्या.

चार्वी झेंड्यापाशी उभी राहून समुद्राकडे बघत होती. "पण उद्या संध्याकाळी पाणी इथे नसेल," ती म्हणाली.

ते आजोबांना ठाऊक होतं. पौर्णिमेला उधाण असतं (सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत आल्यामुळे येणारी मोठी भरती आणि तितकीच मोठी ओहोटी). दुपारी भरती, दिवेलागणीला ओहोटी. म्हणून तर त्यांनी तराफे साखळ्यांनी जागेवर बांधले होते.

"तराफ्यांचं नाही म्हणत मी. लोकांचं म्हणते. पाणी पार त्या खडकाच्या पलीकडे जातं. आणि उद्या सगळे पाण्यात दिवे सोडतात."

आजोबांनी खडकाकडे पाहिलं, मग तराफ्यांकडे. लोक खडकापर्यंत गेले, तर मधलं अंतर निम्म्यावर येणार होतं. "पाणी मागे जातं हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "माणसं पाण्यामागे जातात, हे सुचलं नाही."

तराफे आणखी आत नेता येत नव्हते, तिथे मासेमारीच्या होड्यांची वाट होती. आजोबांनी तिथेच उभं राहून आईला फोन लावला. उद्या नाही, स्वरू, असं म्हणून त्यांनी दोन वाक्यांत कारण सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "बरं बाबा." मग तिने विचारलं, तुम्ही जेवलात का.

चार्वीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. आईने भांडायला हवं होतं. इतके महिने सराव केला होता तिने. निदान एकदा तरी विचारायला हवं होतं, की काही करता येईल का.

आजोबा वाळूवर तिच्या शेजारी बसले. खाली बसायला त्यांना हल्ली वेळ लागत असे. ते म्हणाले, "ती उलटी असते तेव्हा तिला किनारा दिसत नाही. माणसं दिसत नाहीत. तिच्याकडे फक्त माझा आवाज असतो. मी थांब म्हटल्यावर तिने 'का' विचारलं, तर तेवढ्या वेळात विमान चारशे मीटर पुढे गेलेलं असतं."

संध्याकाळी घरी सुधाआत्यालाही वाईट वाटलं, पण तिने मार्ग काढायचा प्रयत्न केला आणि स्वतःच मोडीतही काढला. लोखंडी अडथळे ओल्या वाळूत रुततात. आणि दोरी बांधली तर? "आमची माणसा दोरी दिसली की वाकतत," ती म्हणाली. "वाकान पलीकडे गेल्याबिगर तेंका चैन पडत नाय."

ती अंगणात बोलत असतानाच स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. आत्या धावली. पण ओट्याच्या पायरीवर तिने नुकतीच पणती लावून ठेवली होती. पायरीपाशी ती गपकन थांबली, वळली आणि सगळ्या घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेली. तोवर दूध चुलीवरून जमिनीवर आलं होतं.

चार्वीने विचारलं, पणतीवरून पाय टाकून का नाही गेलीस.

"दिवो ओलांडूचो नसता."

"कोणीच ओलांडत नाही?"

वाळू खातात का, असं कोणी विचारावं तसं आत्याने तिच्याकडे पाहिलं. चार्वीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला होता.

दोरीच्या जागी दिव्यांची रांग लावायला त्यांना एकच शंका होती. दिवा वाऱ्याने विझला तर?

आत्या म्हणाली, मग ती नुसती पणती. पणती काय, कोणीही ओलांडेल. पण वाळूत वीतभर खड्डा करून आत ठेवली तर सहसा विझत नाही, आणि किनाऱ्यावर हात काही कमी नाहीत. लोकांना एवढंच सांगायचं, की दिवे आधी वाळूवर लावा, पाण्यात नंतर सोडा.

त्या रात्री आजोबांनी उड्डाणकेंद्राला सगळी योजना कळवली, तिथल्या तज्ज्ञांनी ती तपासली, आणि सकाळी आईचा निरोप आला, की टिटवी निघते आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य बुडाला आणि समुद्र मागे मागे सरत गेला. त्याच्यामागे तांब्यासारखी चकाकणारी ओली वाळू उघडी पडत गेली. दर वर्षी अशा वेळी सगळं गाव तिच्यावर उतरतं. आज झेंड्यांच्या ओळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाळूतल्या खड्ड्यांतून ज्योती उभ्या होत्या. पलीकडे एकही दोरी नव्हती, एकही शिपाई नव्हता. माणसं दिव्यांपर्यंत येत आणि थांबत. लहान मुलंसुद्धा.

आजोबा बांबूच्या मचाणावर कानाला यंत्र लावून उभे होते. चष्मा लावून चार्वी त्यांच्या बाजूला होती. आजोबा अगदी हळू म्हणाले, "टिटवी, ये."

आधी काहीच आलं नाही. मग क्षितिजाच्या जांभळ्या पट्ट्यात एक पांढरी रेघ उमटली. ती रेघ वाढत गेली, तिला पंख फुटले, आणि तराफ्यांच्या रांगेवरून टिटवी जवळजवळ आवाज न करता पोट आभाळाकडे करून गेली. हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज चार्वीने ऐकला. विमानाच्या पुढे, पाण्यावरून, लाल सावली लाटांवर चढत उतरत पळत होती, आणि एकदाही किनाऱ्याकडे वळत नव्हती. टिटवी उभी वर गेली, थांबल्यासारखी झाली, पानासारखी गिरकी घेत खाली आली. सावली लांब झाली, आखूड झाली, बाहेर समुद्रात फेकली गेली, परत आली. आई आभाळात जे काढत होती, तेच पाण्यावर दुसऱ्या एका भाषेत लिहिलं जात होतं.

शेवटची कसरत होती केवडा. त्यात टिटवी खूप दुरून, उलटीच, किनाऱ्याकडे तोंड करून येणार होती आणि कणसासारखी सरळ वर चढणार होती. ती दूर वळली. लाल सावलीचं टोक किनाऱ्याकडे झालं, पण ते ओल्या वाळूच्या बरंच अलीकडे संपत होतं. सगळं ठरल्याप्रमाणे होतं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि डाव्या टोकाच्या ज्योतींचा एक तुकडा काळा झाला. तिथल्या काही तरुणांनी मोबाइल वर धरले होते. चांगलं चित्र मिळावं म्हणून ते विझलेल्या पणत्यांमधून पुढे निघाले, पाण्याच्या दिशेने, पळतच. चार्वीला एकीकडून ते येताना दिसले आणि दुसरीकडून लाल टोक.

"टिटवी, थांब," आजोबा म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नाही. त्याच क्षणी टिटवी सरळ झाली, पंखांवरचे दिवे विझले, आणि ती वर चढत समुद्राकडे वळून निघून गेली. लाल सावली पाण्यावरून पुसल्यासारखी मागे गेली. आभाळ रिकामं झालं.

गर्दीतून निराशेचा सुस्कारा उठला. कोणीतरी शिट्टी मारली. बिचाऱ्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. टिटवीची वीज थोडीच उरली आहे, हे चार्वीला माहीत होतं. आई परत न येता तशीच जवळच्या विमानतळावर जाईल, असं तिला वाटलं. पण आता तिला भांडावंसं वाटलं नाही. ती मुलं पळत निघाली होती ती जागा तिने पाहिली होती.

खाली सुधाआत्या साडी खोचून रांगेच्या कडेने तरातरा चालली होती. ती त्या तरुणांना काय म्हणाली ते मचाणापर्यंत आलं नाही, पण ते खाली मान घालून परत आले. त्यांतल्या एकाने गुडघे टेकून खड्डा हाताने खोल केला, शेजारच्या दिव्यावरून ज्योत लावली आणि ती धरेपर्यंत दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. मग दुसऱ्याने. काळा तुकडा एकेका ज्योतीने भरत गेला. आजोबांनी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"टिटवी, ये."

दूर अंधारात दिवे लागले. टिटवी आली, आणि पाण्यापासून आभाळापर्यंत केवड्याचं एक पांढरं कणीस सरळ उभं राहिलं. वर जाऊन ते उलगडलं. लोक ओरडायचेही विसरले.

विमानतळावरून आई आली तेव्हा पाण्यावर दिवे तरंगत होते आणि मागे माडांवर चंद्र आला होता. तिने आधी चार्वीला जवळ घेतलं, मग आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. चार्वीने तिला विचारलं, की आजोबांनी थांब म्हटलं तेव्हा तुला काय दिसत होतं.

"काहीच नाही," आई म्हणाली. "डोक्यावर पाणी होतं आणि पायाखाली आभाळ. फक्त बाबांचा आवाज होता."

आजोबांनी मचाणाच्या चार पायऱ्या उतरायला किती वेळ घेतला ते चार्वीने पाहिलं होतं. ती म्हणाली, एक दिवस मला तो आवाज व्हायचं आहे. आजोबा हसले नाहीत. मग सरावाला लाग, म्हणाले.

ती मोठ्याने म्हणाली, "थांब!"

आजोबांनी मान हलवली. ओरडायचं नाही, ते म्हणाले. घाबरलेला आवाज कानात गेला, की वरचा हात थरथरतो. जे दिसलं, तेवढंच सांगायचं, आणि ते सांगताना स्वतः जागेवर असायचं.

आई आपला दिवा सोडायला एकटीच पुढे चालली होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती, लाटांचा आवाज होता, गर्दीचा होता. चार्वीने पाय वाळूत घट्ट रोवले, श्वास घेतला आणि हळू म्हणाली, "टिटवी, थांब."

ओंजळीत दिवा धरलेली आई, एक पाय उचललेला तसाच ठेवून, जागच्या जागी उभी राहिली.